बॉनेटमार्तंड

गाडीचं बॉनेट उघडायचं तर आधी स्टिअरिंगखालची खटकी ओढावी लागते. मग पुढे येऊन फटीत बोटं घालून आतली पट्टी चाचपावी लागते आणि शेवटी झाकण वर धरून लोखंडी दांडी खोबणीत बसवावी लागते. एवढं आपल्याला करावं लागतं. पुढची गोष्ट आपोआप होते. काका येतात.

ते कुठून येतात हे आजवर कुणाला दिसलेलं नाही. पार्किंगमध्ये चिटपाखरू नसतं. जिन्यात पावलं वाजत नाहीत, लिफ्टचं दार करकरत नाही. दांडी बसल्याचा ‘खट’ आवाज होतो आणि आपल्या डाव्या खांद्यामागून एक लांबलचक ‘हंऽऽ’ ऐकू येतो. वळून पाहावं तर हात पाठीशी बांधलेले, मान किंचित कललेली, चष्मा कपाळावर चढवलेला आणि नजर इंजिनावर अशी, की सासऱ्याने होणाऱ्या जावयाच्या पगाराची स्लिप वाचावी. पहिलं वाक्य ठरलेलं. “काय म्हणतेय?” हा प्रश्न आपल्याला नसतो, गाडीलाही नसतो. काका आपल्या उत्तरासाठी जागा करून घेत असतात.

बिल्डर ताबा देतानाच टाकी, जनरेटर आणि असा एक माणूस देऊन जातो की काय कोण जाणे. वाड्यांच्या काळात कुणी सायकल उलटी केली की ओसरीवरून असाच एकजण उठून यायचा आणि पायडल हाताने गरगर फिरवून बघायचा. स्कूटरच्या जमान्यात तो ‘तिरकी करा, तिरकी करा’ म्हणत आला. मोटारी आल्या तशी त्याला बढती मिळाली. साताऱ्यात तो असतो, नाशकात असतो, डोंबिवलीत तर मजल्यागणिक असतो.

जर्मनीत मात्र तो पूर्वापार नसावा, असा माझा कयास आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेन्झ नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर घालून, मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली. अंतर सुमारे १०० किलोमीटर. त्या मोटारीत पाणी गार करण्याची धड सोय नव्हती. ते उकळून उडून जायचं आणि वाटेत लागेल त्या गावात पुन्हा भरावं लागायचं. बाईंना वाटेत औषधांचा दुकानदार भेटला, त्याने इंधन दिलं. लोहार भेटला, त्याने साखळी सांधली. चांभार भेटला, त्याने ब्रेकला चामडं ठोकून दिलं. आमचे काका भेटले नाहीत, म्हणून त्या त्याच दिवशी अंधार पडेपर्यंत पोचल्या.

तर आमचे काका. पाठीमागे त्यांना बॉनेटमार्तंड म्हणतात. हे त्यांच्या कानावर गेलेलं आहे आणि त्यांना ते आवडलेलं आहे, असं त्यांच्याच घरातून कळतं. नोकरी सगळी पाटबंधारे खात्यात. कालव्यांची गळती मोजण्याचं काम होतं. “मग बंद करायचं काम कुणाकडे?” असं मी एकदा विचारलं होतं. “ते टेबल वेगळं,” ते म्हणाले. हे उत्तर लक्षात ठेवावं. पुढे उपयोगी पडतं.

त्यांचा सगळा अधिकार मात्र खात्याचा नाही, पद्मिनीचा आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर असलेली ती फियाट घराण्यातली गाडी काकांनी ऐन उमेदीची वर्षं चालवली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादा संपून बाद झाली, त्या दिवशी काकांनी संध्याकाळचा चहा घेतला नाही म्हणतात. पद्मिनीने त्यांना काय दिलं असेल, तर बोरघाट दिला. एक्स्प्रेसवे पुरता खुला झाला २००२ साली. त्याआधी मे महिन्यात चार माणसं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन खंडाळ्याचा चढ चढणं म्हणजे रेडिएटरची बारावीची परीक्षा. वळणावळणाला बॉनेटं उघडून गाड्या उभ्या, बायका दगडांवर बसलेल्या, पोरं करवंदांच्या मागे, आणि पुरुषमंडळी हातात पाण्याचे कॅन घेऊन इंजिन निवायची वाट बघतायत. काकांचं खरं विद्यापीठ ते. अमृतांजन पुलाच्या अलीकडच्या वळणावर त्यांनी उकळत्या रेडिएटरचं झाकण ओलं गोणपाट टाकून कसं उघडलं, हे ते अजून साभिनय सांगतात. अर्धा आटा फिरवायचा, तोंड बाजूला करायचं, वाफ जाऊ द्यायची, मग पुरता. सांगताना खरोखरच तोंड बाजूला करतात. तो पूल २०२० च्या एप्रिलात पाडला. गोष्ट शाबूत आहे.

अशा माणसाच्या राज्यात माझ्या गाडीचं कूलंट उतरायला लागलं.

उतरायला लागलं म्हणजे, एकदम नाही. इंजिनाशेजारी दुधी प्लॅस्टिकची एक डबी असते, तिच्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन रेघा असतात. आतलं गुलाबी पाणी दोन रेघांच्या मधे असलं की माणसाने बॉनेट लावून कामाला जावं. माझ्या गाडीत ते खालच्या रेघेला टेकलं. भरलं, आठवड्याभरात पुन्हा टेकलं. खाली थारोळं नाही, काटा वर चढत नाही, डॅशबोर्डवर दिवा नाही. पाणी नुसतं जात होतं. कुठे, ते कळत नव्हतं.

“पितेय,” काका म्हणाले.

“काय?”

“इंजिन कूलंट पितेय. हेड गेलंय.”

हे काकांचं लाडकं निदान. ‘हेड गेलं’ म्हणजे इंजिनाचं डोकं आणि धड यांच्या मधलं गॅस्केट फाटलं. तसं झालं तर पाणी ज्वलनाच्या खोलीत शिरतं, सायलेन्सरमधून पांढरा गोड वासाचा धूर येतो, किंवा पाणी तेलात मिसळून तेलाचं झाकण उघडल्यावर आत कॉफीवरच्या फेसासारखा चिकटा दिसतो. खर्च ऐकून मालकाचंही हेड जातं. काका हे वाक्य कुणालाही सांगतात. हॉर्न वाजत नसला तरी आधी हेडचा संशय घेतात आणि मग तपासाला सुरुवात करतात.

“धूर बघा,” ते म्हणाले. जानेवारीतली सकाळ होती. मी गाडी सुरू केली, मागून पांढरी वाफ आली. काकांच्या चेहऱ्यावर कृतार्थता पसरली. आता जानेवारीच्या पुणेरी थंडीत गार गाडी सुरू केली की धुराड्यातून वाफ येतेच. पेट्रोल जळतं तेव्हा पाणीही तयार होतं आणि ते थंड हवेत दिसतं. शेजारच्या तीन गाड्यांतूनही तीच वाफ येत होती. मी ते दाखवलं. काकांनी तिन्ही गाड्यांकडे आळीपाळीने पाहिलं आणि खिन्नपणे म्हणाले, “अरेरे. सगळ्यांचीच गेली.”

तोवर मंडळी जमली होती. बॉनेटमार्तंड एकटा असला तरी त्याचं पीठ असतं. मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलेला एक तरुण होता. त्याला सगळं येत होतं, फक्त उजेड कुठून पाडायचा ते येत नव्हतं. मुलगा कॅनडात असलेले एक गृहस्थ होते. तिकडे असं काही होतच नाही, एवढंच ते सांगत होते. आणि ‘विकून टाका’ म्हणणारे एकजण होते. हे प्रत्येक प्रसंगात तेच म्हणतात. एकदा आमच्या लिफ्टबद्दलही म्हणाले होते.

चर्चा मूळ पाण्यावर आली. काकांचा कूलंटवर मुळातच राग. “आम्ही जन्मभर नळाचं पाणी घातलं. हे गुलाबी सरबत कंपन्यांनी काढलंय.” इथे मला बोलणं भाग पडलं. कूलंट म्हणजे साधारण निम्मं शुद्ध पाणी आणि निम्मं ग्लायकोल, शिवाय गंज धरू न देणारी काही रसायनं. त्या मिश्रणाचं उणे ३७ अंशांपर्यंत बर्फ होत नाही, हा गुण कोथरूडात वाया जातो हे कबूल. पण ते उकळतंही उशिरा. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, म्हणून इथे साधं पाणी १०० ऐवजी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, आणि इंजिन तर ९० च्या घरात चालतं. म्हणून झाकण साधं नसतं. आत साधारण एक बार दाब धरून ठेवतं, त्यामुळे उकळी आणखी वीसेक अंश पुढे ढकलली जाते. आणि नळाचं, त्यातून बोअरिंगचं पाणी घातलं की रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार बसतात, अॅल्युमिनियम खाल्लं जातं.

एवढं सगळं काकांनी डोळे मिटून ऐकलं. “म्हणजे मी म्हणतो तेच,” ते म्हणाले. “झाकण.”

बॉनेटमार्तंडाशी वाद का घालू नये, ते इथे कळतं. तो वाद हरत नाही, जागा बदलतो. हेडवरून झाकणावर, झाकणावरून वॉटर पंपावर, पंपावरून आपल्या ड्रायव्हिंगवर. आणि यातलं सगळंच चूक नसतं, हीच तर पंचाईत आहे. झाकणाची रबरी चकती कडक झाली तर खरंच दाब धरत नाही. पंपाला पोटाशी एक बारीक भोक ठेवलेलं असतं; आतलं सील झिजलं की तिथून थेंब येऊन वर्दी देतात. आतल्या हीटरची जाळी फुटली तर पायाखालचा गालिचा ओला होतो आणि काचेवर चिकट धुकं धरतं. काका एका दमात वीस कारणं सांगतात आणि त्यातलं एक शंभर टक्के बरोबर असतं. कुठलं, ते दुरुस्ती झाल्यावर काकाच सांगतात.

उपायही तसेच. त्यांनी प्रथम हळद सुचवली. ही थट्टा नाही. ट्रकवाले रेडिएटरला बारीक चीर गेली की आत मूठभर हळद टाकतात. ती पाण्याबरोबर फिरत चिरेशी जाऊन थापते आणि गाडी पुढच्या गावापर्यंत जाते. पण हळदीला चीर कुठली आणि कामाची नळी कुठली हे कळत नाही. गळकं भोक बुजवता बुजवता ती हीटरच्या जाळीतल्या वाटाही बुजवते. काकूंनी वरून गॅलरीतून विचारलं, “हळद कशाला हवीय खाली?” आणि तो उपाय तिथेच बारगळला.

मग चाचणीचा विषय निघाला. काकांनी डबीत करंगळी बुडवली आणि ती तोंडाकडे नेली. “गोड लागलं तर कूलंट, नाहीतर पाणी.” मी हात धरला. ग्लायकोल चवीला गोड असतं हे खरं, आणि म्हणूनच वाईट, कारण ते विष आहे. सांडलेलं कूलंट कुत्र्या-मांजरांनी चाटलं तर थोडक्यातही मूत्रपिंडं निकामी होऊन जनावर दगावतं. हे मी मोठ्याने बोललो, ही गोष्ट ए विंगच्या श्वानप्रेमी बाईंनी ऐकली आणि सोसायटीच्या ग्रुपवर दहा मिनिटांत संदेश आला: ‘पार्किंगमध्ये विषारी द्रव गळत आहे. संबंधितांनी त्वरित लक्ष द्यावे.’ खाली काकांचा अंगठा.

मी गाडी घेऊन गॅरेजला गेलो. आमचे मिस्त्री फार बोलत नाहीत. त्यांनी डबीचं झाकण काढून तिथे हातपंप लावला. सायकलला हवा भरायच्या पंपाला घड्याळ लावावं, तसं ते यंत्र असतं. चार दट्टे मारून आत एक बारचा दाब केला आणि काट्याकडे बघत विडी ओढली. काटा हलला नाही. बॅटरी मारून रेडिएटर बघितला, पंप बघितला, होज पाइप दाबून बघितले. सगळं कोरडं. तेलाची काडी काढली, तेल स्वच्छ. “हेड ठीक आहे साहेब,” ते म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. झाकण जुनं होतं, ते बदलून दिलं. “वापरून बघा.”

वापरून बघितलं. पाणी उतरलं.

ही बातमी मी कुणाला सांगितली नव्हती. काकांना कळलं. जिन्यात अडवून म्हणाले, “झाकण नव्हतं ना? मी म्हणालोच होतो झाकण नसेल.” मी तोंडातून शब्द काढला नाही. पुढचा आठवडा काकांचा होता. येता-जाता ते माझ्या गाडीखाली वाकून बघत. एकदा डाव्या बाजूला ओल सापडली आणि त्यांनी वॉचमनकरवी मला खाली बोलावलं. मी नुकताच बायकोच्या मावशींना स्टेशनवरून घेऊन आलो होतो. दुपारचं ऊन, त्यात मावशींच्या आग्रहाखातर एसी चालू. एसीच्या गार जाळीवर हवेतली वाफ थिजून पाणी होतं आणि नळीवाटे खाली टपकतं. रंग नाही, वास नाही, चिकटपणा नाही. काकांनी बोटं एकमेकांवर घासून बघितली, नाराज झाले. पण तेवढ्यातही म्हणाले, “याच्यात मिसळून जात असेल.”

याच आठवड्यात मला काकांचं मर्म कळलं. गळती सापडावी असं त्यांना वाटतच नव्हतं. त्यांना बॉनेट उघडं असावं असं वाटत होतं. बंद बॉनेटच्या गाडीपाशी उभा असलेला निवृत्त माणूस म्हणजे नुसता उभा असलेला माणूस. उघड्या बॉनेटपाशी तोच माणूस तपासावर असतो. लोक थांबतात, विचारतात, चहा मागवतात. घरातून ‘अहो, दळण आणा’ अशी हाक आली तर “कामात आहे” असं खालून ओरडून सांगता येतं. मुलगा अमेरिकेत, सून फोनवर ‘बाबा, बरे आहात ना’ एवढंच विचारणारी. इथे चार माणसं विचारतात की काका, पंप असेल का हो? माझ्या गाडीची गळती चालू होती तोवर काकांचं वय उतरत होतं. मी हे कळूनही त्यांच्यावर चिडत होतो, हे वेगळं.

पुन्हा गॅरेजला गेलो. पुन्हा पंप, पुन्हा काटा स्थिर. मिस्त्री डोकं खाजवत बाकावर बसले आणि जरा वेळाने म्हणाले, “साहेब, गाडी माझ्याकडे येते ती चालून येते. म्हणजे गरमच असते.”

“मग?”

“गार असताना बघायला पाहिजे. रात्रभर उभी राहिलेली. सकाळी मीच येतो. येण्या-जाण्याचे वेगळे पडतील.”

ही गोष्ट कुणाला कळू नये म्हणून मी मिस्त्रींना पहाटे मागच्या गेटने यायला सांगितलं. साडेसहाला त्यांची स्कूटर आत आली. पार्किंगमध्ये माकडटोपी, मफलर आणि हातात थर्मास घेऊन काका उभे होते. शेजारी प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या.

“या,” ते मिस्त्रींना म्हणाले. “उशीर केलात.”

मिस्त्रींनी डबीवर पंप बसवला. चार दट्टे. काटा एकवर गेला, थांबला, आणि मग अगदी सावकाश, डोळ्यांनी कळेल न कळेल असा खाली सरकायला लागला. मिस्त्री पोत्यावर आडवे झाले. गाडीच्या पोटाखाली प्लॅस्टिकचं एक मोठं ताट बसवलेलं असतं, चिखल उडू नये म्हणून. ते त्यांनी क्लिपा काढून उतरवलं. ताटात कडेला गुलाबीसर पांढरी साय धरलेली होती. कूलंट वाळलं की मागे असा मिठासारखा थर राहतो. बॅटरीचा झोत वर सरकत सरकत रेडिएटरच्या खालच्या होज पाइपावर थांबला. पाइप जिथे रेडिएटरच्या तोटीवर चढतो, तिथे पट्टीखालून एक थेंब फुगत होता. टपोरा झाला, लोंबला, पडला. मागून दुसरा.

आम्ही सगळे वाकून बघत होतो. कुणी बोललं नाही. त्या शांततेत गाड्या धुणारा पोरगा बादली घेऊन आला आणि म्हणाला, “काय झालं? हे गुलाबी पाणी का? हे तर रोज असतंय.”

“रोज असतंय?” मी.

“रोज. ह्या पुढच्या चाकाशी एवढं पडलेलं असतंय. मी बादली मारतो ना त्याच्यावर. डाग दिसला तर सेक्रेटरी ओरडतात.”

म्हणजे गाडी रात्रभर गळत होती, पहाटे साडेपाचला पुरावा धुतला जात होता आणि नऊ वाजता मी, काका आणि पीठ मिळून ओल्या फरशीवर कोरडं कारण शोधत होतो. त्या पोराला कुणी विचारलंच नव्हतं. त्याचा बॉनेटशी संबंध नव्हता. त्याचा संबंध फरशीशी.

बाकीचं मिस्त्रींनी थोडक्यात सांगितलं. कारखान्यातून येताना त्या सांध्यावर स्प्रिंगची क्लिप असते. पाइप जुना होऊन जरा आक्रसला तरी ती त्याच्याबरोबर आवळत जाते. मागे कधीतरी कुठल्यातरी गॅरेजात कुणीतरी ती काढून तिथे स्क्रूने आवळायची पट्टी लावली होती. ती जिथे आवळली तिथेच राहते. इंजिन गरम असताना रबर आणि तोटी फुगतात, सांधा आपसूक घट्ट बसतो. म्हणून गॅरेजमध्ये काटा हलत नव्हता. रात्री गार पडलं की रबर आक्रसतं, फट पडते. वरून पडणारं पाणी ताटात साचून भलतीकडेच ओघळत होतं, त्यामुळे वाकून बघणाऱ्याला सांध्याखाली काही दिसत नव्हतं.

काका एवढा वेळ गप्प होते. ही त्यांच्या आयुष्यातली दुर्मीळ घटना. मग त्यांनी घसा साफ केला.

“मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, पाणी खालून जातंय म्हणून.”

“वरून कसं जाईल काका,” मिस्त्री म्हणाले. पण त्यांचा सूर आदराचा होता, कारण थर्मासमधला चहा आत्ताच ओतला गेला होता.

दुरुस्तीचं काही सांगण्यासारखं नाही. कूलंट तगारीत काढलं. काका म्हणाले गटारात ओता, वरून श्वानप्रेमी बाईंनी नुसतं “काका!” म्हटलं, आणि ते झाकणाच्या कॅनमध्ये भरलं गेलं. पाइप टोकाला लाकडासारखा कडक झाला होता, नवा घातला. तोटीवरचा थर बारीक पॉलिश पेपरने घासून काढला. स्प्रिंगची क्लिप चिमट्याने ताणून जागेवर सोडली. तिचा टचकन आवाज झाला तेव्हा काका म्हणाले, “हां. बसली.” हे मात्र त्यांनी अचूक सांगितलं.

खरी मजा हवा काढताना आली. नवं कूलंट भरल्यावर आतल्या वळणांत हवा अडकून राहते. ती काढायची तर झाकण उघडं ठेवून, हीटर पूर्ण गरमवर लावून इंजिन चालू ठेवायचं. मिस्त्री वरचा पाइप हाताने दाबत होते आणि डबीतून बुडबुडे येत होते. काकांनी ते पाहिले आणि त्यांचा आवाज चढला. “बुडबुडे! बघा, बुडबुडे! हेडच गेलंय! मी काय म्हणत होतो?” ‘विकून टाका’वाल्यांनी लगेच अनुमोदन दिलं.

“हवा आहे काका. आत्ता संपेल.” मिस्त्रींनी पाइपावर हात ठेवला. “थर्मोस्टॅट उघडला बघा, गरम पाणी आलं वर. आणि मफलर मागे घ्या, पंखा कधीपण सुटतो.” बोलता बोलता पंखा सुटलाच. काका मफलर सावरत एवढ्या चपळाईने मागे झाले, की बोरघाटातल्या सगळ्या गोष्टी खऱ्या असाव्यात असं मला प्रथमच वाटलं. बुडबुडे संपले. पातळी दोन रेघांच्या मधे आणून मिस्त्रींनी झाकण लावलं, हात पुसले, पैसे घेतले आणि गेले. जुनी पट्टी काकांनी ठेवून घेतली.

ती पट्टी मग सोसायटीभर फिरली. कोजागरीला, गणपतीत, पाण्याच्या टँकरची वाट बघताना, काका ती खिशातून काढून दाखवत. गोष्टीत हळूहळू बदल होत गेला. आधी मिस्त्रींनी शोधलं होतं. मग मिस्त्रींनी काकांच्या सांगण्यावरून शोधलं. गाड्या धुणारा पोरगा गोष्टीतून कधी गळाला ते कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटच्या आवृत्तीत तर घाट आला, पाऊस आला आणि मी रडकुंडीला आलेलो आहे. मी खोडून काढलं नाही.

कूलंट त्यानंतर तसूभरही उतरलं नाही. दिवस सुखाचे चालले होते. परवा सकाळी गाडीत बसताना काका समोरून आले. हात पाठीशी, मान कललेली.

“काय लेखक, कूलंट काय म्हणतंय?”

“उत्तम आहे काका. रेघ न् रेघ तशीच. थेंब उतरत नाही.”

“अजिबात नाही?”

“अजिबात नाही.”

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. “हंऽऽ. एवढं उन्हाळ्यात चालून थेंबही कमी नाही, म्हणजे पाणी फिरतच नाहीये. कुठेतरी अडकलंय. उघडा बघू बॉनेट.”